‘गॅस संपलाय’ हे निदान नव्हे

लहान फ्रिजबद्दल आपल्याकडे दोन वाक्यं वेदवाक्यासारखी चालतात. पहिलं दुरुस्तीला आलेल्या कारागिराचं: “काकू, गॅस संपलाय.” दुसरं घरातल्या हिशेबी माणसाचं: “एवढ्याशा फ्रिजवर कशाला पैसे घालता? नवीन घेऊन टाका.” ही दोन्ही वाक्यं तपासणी न करताच उच्चारली जातात आणि दोन्ही बहुतेक वेळा चुकीची ठरतात, असं माझं म्हणणं आहे. पन्नास ते शंभर लिटरचा फ्रिज भंगारात जातो तो बरेचदा बिघाडामुळे जातच नाही. बिघाड कुठे आहे हे कोणी पाहिलेलंच नसतं, म्हणून जातो.

हा मुद्दा किरकोळ वाटेल त्यांनी असे फ्रिज कुठे असतात ते आठवावं. पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलांच्या खोलीत, मुंबईतल्या दहा बाय बाराच्या घरात, दुकानाच्या गल्ल्यामागे, आजोबांचं इन्शुलिन ठेवायला बेडरूमच्या कोपऱ्यात. या माणसांना आठ-दहा हजार रुपये खिशातून सहज काढता येत नाहीत, म्हणून तर त्यांनी लहान फ्रिज घेतला. ‘नवीन घ्या’ हा सल्ला नेमका त्यांनाच सगळ्यात जड जातो.

आधी गॅसचं पाहू. फ्रिजमधला गॅस स्वयंपाकघरातल्या सिलिंडरसारखा जळून खर्च होत नाही. कॉम्प्रेसर, मागची किंवा भिंतीत दडवलेली कंडेन्सरची नळी, फिल्टर, केसासारख्या बारीक भोकाची कॅपिलरी आणि फ्रीझरचा पत्रा अशा एका बंद वाटेवर तोच गॅस फिरत राहतो. फ्रीझरमध्ये तो द्रवाचा वायू होताना आतली उष्णता घेतो आणि कंडेन्सरमध्ये वायूचा द्रव होताना ती बाहेर टाकतो. वाट झाळून बंद केलेली असते. ती फुटली नाही तर गॅसचं प्रमाण पंधरा वर्षांनीही तेवढंच राहतं. म्हणून ‘संपला’ हे क्रियापद इथे लागूच होत नाही. गॅस गळतो. आणि गळाला असेल तर कुठून, या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय नवा गॅस भरणं म्हणजे तो पुन्हा गळायची व्यवस्था करणं. ‘दर वर्षी गॅस भरावा लागतो’ असं जे लोक सहजपणे सांगतात, त्यांच्याकडे गळती एकदाही शोधली गेलेली नसते.

“पण कूलिंग होत नाही हे तर खरं ना?” असा प्रतिप्रश्न येतो. खरं आहे. मात्र कूलिंग न होण्याची कारणं डझनभर असतात आणि गॅस हे त्यातलं एक. ते ओळखायला गेजसुद्धा लागत नाही, सुरुवातीला डोळे पुरतात. फ्रीझरमधला बर्फ सगळा वितळवून फ्रिज पुन्हा सुरू करा आणि काही तासांनी पत्र्यावर दव कुठे धरलंय ते पाहा. पूर्ण पत्र्यावर सारखा पांढरा थर आला असेल तर गॅस जागेवर आहे, दोष दुसरीकडे शोधा. एका कोपऱ्यातच थोडासा बर्फ, बाकीचा पत्रा कोरडा, कॉम्प्रेसर न थांबता चालतोय आणि कंडेन्सर जेमतेम कोमट, असं असेल तर गळतीचा किंवा चोक झालेल्या कॅपिलरीचा संशय रास्त आहे. आणि दूध गोठतंय, कोथिंबिरीचा बर्फ होतोय, अशी तक्रार असेल तर गॅसचा विषय निघायलाच नको. गॅस कमी असलेला फ्रिज सहसा दूध गोठवू शकत नाही. तिथे थर्मोस्टॅटचा संपर्क चिकटलेला असतो, किंवा फ्रीझरच्या पत्र्याला टेकून बसलेलं त्याच्या बारीक नळीचं टोक क्लिपमधून निसटलेलं असतं, किंवा कोणीतरी उन्हाळ्यात फिरवलेली कळ थंडी पडली तरी सातावरच राहिलेली असते.

त्या कळीबद्दलही एक गैरसमज घरोघरी आहे. कळीवरचे आकडे तापमानाचे नसतात. आकडा मोठा म्हणजे कॉम्प्रेसर जास्त वेळ चालणार, एवढाच त्याचा अर्थ. मे महिन्यात कळ सातावर नेली की कॉम्प्रेसर थांबत नाही, फ्रीझरवर बर्फाचा जाड थर चढतो आणि तो थरच पत्र्याची थंडी खालच्या कप्प्यात पोचू देत नाही. वर हिमालय, खाली कोमट भाजी. मग फोन जातो आणि कारागीर येऊन म्हणतो, गॅस संपलाय. त्या घरात लागत होतं ते फक्त एका रात्रीचं डीफ्रॉस्टिंग.

डीफ्रॉस्टिंगचा विषय आला की सुरीचा येतोच. लहान फ्रिजचा फ्रीझर बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांचा असतो आणि गॅसची वाट त्या दोन पत्र्यांच्या मधूनच जाते. बर्फाच्या तुकड्यासाठी सुरी, उलथनं, स्क्रूड्रायव्हर चालवणारा माणूस थेट या वाटेवर घाव घालत असतो. एकदा फुस्स आवाज झाला की मात्र गॅस खरोखरच गेला. ज्या बिघाडाची खोटी बातमी आपण वर्षानुवर्षं ऐकतो, तो अनेकदा असा आपल्याच हातून खरा होतो. मिठानेही बर्फ काढू नये, अ‍ॅल्युमिनियम खारामुळे खाल्लं जातं. थर अर्ध्या सेंटिमीटरच्या वर गेला की प्लग काढावा, आत गरम पाण्याचं भांडं ठेवावं, दार उघडं टाकावं आणि आपल्या कामाला लागावं.

आता दुसरं वाक्य, दुरुस्ती न परवडण्याचं. या बाजूचा युक्तिवाद मी नीट मांडतो, कारण त्यात तथ्य आहे. गॅस चार्जिंगचं बिल, येण्याजाण्याचा खर्च, वर दुरुस्तीची खात्री नाही. शिवाय नवा फ्रिज वीज वाचवतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा एकदारी फ्रिज असेल तर विजेचा मुद्दा मान्यच करावा लागेल. पण गेल्या आठ-दहा वर्षांतला लहान फ्रिज घ्या. तो वर्षाला साधारण शे-दोनशे युनिट खातो, नेमका आकडा त्याच्या स्टार लेबलवर छापलेला असतो. समजा नव्या फ्रिजने त्यातली चाळीस युनिट वाचवली. आठ रुपये दराने वर्षाला तीनशे वीस रुपये झाले. आठ हजारांचा फ्रिज या बचतीतून फिटायला पंचवीस वर्षं लागतील. तोपर्यंत त्याचंही दुरुस्तीचं वय कधीच उलटलेलं असेल.

आणि मुळात बिघाडांची यादी पाहा. दाराचं गॅस्केट, थर्मोस्टॅट, कॉम्प्रेसरचा स्टार्टिंग रिले, ओव्हरलोड, पिन आणि वायर, दाराची बिजागरी. यांतली एकही गोष्ट गॅसच्या बंद वाटेत नाही. प्रत्येकीची किंमत काही शे रुपयांत मावते. कॉम्प्रेसर ‘हुं’ करून सुरू व्हायला बघतो, पाच-दहा सेकंदांत ‘टक्’ होऊन गप्प बसतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच, हा आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना बहुतेकदा ‘कॉम्प्रेसर गेला, फ्रिज काढा’ असं सांगितलेलं असतं. कधी ते खरंही निघतं. पण त्याच्या आधी रिले तपासायला हवा, सॉकेटचं व्होल्टेज पाहायला हवं आणि फ्रिज एखाद्या बारीक वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर मिक्सरसोबत नांदतोय का, तेही. वीज जाऊन लगेच आली असेल तर तसाच आवाज निरोगी फ्रिजही करतो. कॅपिलरीतून दोन्ही बाजूंचा दाब सारखा व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात, तोवर कॉम्प्रेसरला जोर पुरत नाही. पाच मिनिटं थांबणं या दुरुस्तीला काहीच पैसे पडत नाहीत.

तिसरा एक समज या दोन वाक्यांच्या मुळाशी आहे: फ्रिज लहान, म्हणून त्याची निगाही लहान. भूमिती उलट सांगते. फ्रिजची सगळी मापं निम्मी केली तर आतली जागा एक अष्टमांश होते, भिंतींचं क्षेत्रफळ मात्र एक चतुर्थांश राहतं. म्हणजे दर लिटरमागे उष्णता आत घुसायला दुप्पट भिंत. त्यात जागा वाचवायला भिंती पातळ केलेल्या असतात. शिवाय मोठ्या फ्रिजमध्ये गरम डाळीचं पातेलं ठेवलं तर बाकीचं थंड सामान ते सांभाळून घेतं. लहान फ्रिजमध्ये ते पातेलंच निम्मी जागा व्यापतं आणि शेजारच्या दुधाला तापवतं. दार दोनदा उघडं राहिलं तर मोठ्याला कळतही नाही, लहान तासभर धापा टाकतो. तेव्हा काळजी घ्यायची ती लहानाची जास्त.

निगा म्हणजे काय? दाराच्या फटीत दहाची नोट धरून दार लावा आणि ओढा. अडत ओढली गेली पाहिजे, सुळकन निसटली तर तिथे गॅस्केट ढिलं आहे. चारही बाजूंना पाहा. निम्म्या वेळा दोष गॅस्केटच्या घडीत साचलेल्या साखरेचा आणि तेलाचा असतो. कोमट साबणाच्या पाण्याने पुसलं की रबर पुन्हा चिकटतं. वाकडं झालेलं गॅस्केट गरम पाण्याच्या फडक्याने शेकून सरळ होतं, फाटलेलं मात्र बदलावं. मधल्या फळीवर पेलाभर पाण्यात थर्मामीटर रात्रभर ठेवावा. सकाळी पाच अंश किंवा त्याखाली दिसलं तर फ्रिजचं काम चोख आहे, जागतिक आरोग्य संघटना शिजवलेल्या अन्नासाठी पाच अंशांखालचंच तापमान सांगते. पाच रुपयांच्या नाण्याएवढी जागाही न सोडता भिंतीला टेकवलेला फ्रिज उष्णता टाकणार कुठे? ज्यांचा कंडेन्सर बाजूच्या पत्र्यांत असतो त्यांच्या बाजू गरम लागतात. तो बिघाड नव्हे, तेच त्यांचं काम. अशा पत्र्यात हुक लावायला भोक पाडू नये, आत नळी असते.

पावसाळ्यात भाजीच्या ट्रेखाली पाणी साचलं की ‘लिकेज आहे’ अशी हाकाटी होते. बहुधा ती आतल्या भिंतीच्या तळाशी असलेली पाणी वाहून जायची नळी तुंबलेली असते, कोथिंबिरीच्या एका देठाने. मऊ तार किंवा स्ट्रॉ फिरवून कोमट पाणी ओतलं की ती मोकळी होते. तेच पाणी मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जमतं. तो ट्रे आठवड्याला रिकामा करून पुसणं हे फ्रिजपेक्षा घराच्या आरोग्यासाठी गरजेचं आहे, कारण डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. कोकणात, समुद्राच्या काठच्या घरांत, मागच्या पोलादी नळ्यांचे सांधे खाऱ्या हवेने गंजतात. तिथे खरी गळती होते, म्हणून ते सांधे पुसून, रंगाचा हात मारून ठेवावेत.

बिघाड नसतानाही फ्रिजला दोषी ठरवलं जातं, त्याचंही एक उदाहरण देतो. प्रत्येक फ्रिजच्या पाटीवर हवामानाचा वर्ग छापलेला असतो. ‘एन’ म्हणजे भोवतालचं तापमान १६ ते ३२ अंश, ‘एसटी’ म्हणजे १६ ते ३८, ‘टी’ म्हणजे १६ ते ४३. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत ‘एन’ वर्गाचा फ्रिज दिवसभर चालून दूध टिकवू शकला नाही तर त्यात गॅसचा काय दोष? निफाडला जानेवारीच्या रात्री उलटं होतं. बाहेरच इतकी थंडी की कॉम्प्रेसर फारसा चालतच नाही आणि बर्फ नीट जमत नाही.

त्याहून मोठी फसगत ‘मिनी फ्रिज’ या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पाच-दहा लिटरच्या डब्यांची आहे. त्यांत कॉम्प्रेसरही नसतो आणि गॅसही. फ्रेंच शास्त्रज्ञ पेल्तिए यांनी १८३४ मध्ये नोंदवलेल्या परिणामावर ते चालतात: दोन वेगळ्या वाहकांच्या सांध्यातून वीज गेली की एक बाजू थंड आणि दुसरी गरम होते. हे डबे भोवतालपेक्षा फार तर पंधरा-वीस अंश खाली जातात. चाळीस अंशांच्या खोलीत याचा अर्थ आत वीस-पंचवीस. त्यात इन्शुलिन ठेवणाऱ्या माणसाला कोणीतरी सांगितलं पाहिजे की न उघडलेल्या इन्शुलिनला २ ते ८ अंश लागतात. आणि कॉम्प्रेसरवाल्या लहान फ्रिजमध्येही ते फ्रीझरला टेकून ठेवू नये, कारण एकदा गोठलेलं इन्शुलिन टाकूनच द्यावं लागतं. हॉटेलच्या खोलीतला बिनआवाजी फ्रिज तिसऱ्याच जातीचा. स्टॉकहोमच्या प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये शोधलेल्या पद्धतीने तो छोट्या हीटरवर आणि अमोनियावर चालतो. तो सपाट जागी ठेवला नाही तर थंडच होत नाही. यंत्राची जात न ओळखता केलेलं निदान कशावर उभं राहतं, हे वेगळं सांगायला नको.

आता मेकॅनिकची बाजू. ‘सगळे लुटारू’ असं म्हणून हा लेख संपवणं सोपं होतं, पण तेही तपासणीशिवायचंच निदान ठरेल. विचार करा: एक कारागीर तीन मजले चढून येतो, थर्मोस्टॅटचं टोक क्लिपमध्ये बसवतो आणि तीनशे रुपये मागतो. आपण काय म्हणतो? “दोन मिनिटांच्या कामाचे तीनशे?” तोच कारागीर फ्रिज घेऊन जातो, दोन दिवसांनी आणतो, गॅस भरला म्हणतो, तर आपण दोन हजार मुकाट्याने मोजतो. शोधण्याचे पैसे द्यायला आपण नाखूश असतो, काहीतरी ‘घातल्या’चे देतो. असं गिऱ्हाईक असेल तर प्रामाणिक माणसालाही गॅसच परवडतो. ‘गॅस संपलाय’ या वाक्याचे निम्मे लेखक आपण आहोत.

म्हणून उपायही दोन्ही बाजूंनी हवा. तपासणीचे पैसे आधी ठरवा आणि दोष काडीइतका निघाला तरी ते हसतमुखाने द्या. मात्र गॅसचं नाव निघालं तर चार गोष्टी मागा. गळती कुठे आहे ते साबणाच्या फेसाने किंवा नायट्रोजनच्या दाबाने दाखवा. फिल्टर नवा घाला, कारण वाट उघडली की हवेतली ओल आत जाते आणि कॅपिलरीच्या तोंडाशी गोठते. व्हॅक्यूम पंप लावून हवा पूर्ण काढा. आणि गॅस वजनकाट्यावर मोजून भरा. लहान फ्रिजमध्ये आर ६००ए हा गॅस बहुधा २० ते ५० ग्रॅमच असतो, नेमका आकडा कॉम्प्रेसरजवळच्या पाटीवर असतो. एवढ्या मापात पाच-सात ग्रॅमची चूकही कूलिंग बिघडवते, तिथे अंदाजपंचे चालत नाही.

त्याच पाटीवर गॅसचं नावही असतं आणि तेही वाचायला हवं. आर ६००ए म्हणजे आयसोब्युटेन, ज्वालाग्राही. त्याच्या फ्रिजवर ज्वाळेचं पिवळं त्रिकोणी चिन्ह असतं. तिथे ‘हाच आहे माझ्याकडे’ म्हणून आर १३४ए घालणं चूक आहे, दोघांचे दाब वेगळे आणि कॉम्प्रेसरचं तेलही वेगळं. शिवाय आर १३४ए हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे चौदाशे पट उष्णता अडकवतो, आयसोब्युटेन अगदी किरकोळ. गळती न शोधता दर वर्षी भरलेला गॅस कुठे गेला, याचं उत्तर त्यात आहे.

‘मग सगळं घरीच करायचं का?’ असा टोमणा मारणाऱ्यांना सरळ उत्तर देतो: नाही. प्लग काढून पुसणं, बर्फ वितळवणं, गॅस्केट, नळी, ट्रे, कळ, जागा आणि सॉकेट पाहणं घरच्या माणसाचं. कॉम्प्रेसरवरचं झाकण, रिले आणि वायरिंग कारागिराचं. गॅसची वाट तर प्रशिक्षित हाताखेरीज कोणीच उघडू नये, बंद स्वयंपाकघरात तर नाहीच. पत्र्याला हात लावताच झिणझिण्या आल्या तर प्रयोग थांबवून प्लग काढावा आणि अर्थिंग तपासून घ्यावं. हेही मान्य करतो की गळती फोममध्ये गाडलेल्या नळीत निघाली, किंवा कॉम्प्रेसरची वाइंडिंग जळलेली निघाली, तर लहान फ्रिजवर पैसे घालण्यात शहाणपण नाही. तेव्हा तो जरूर काढा आणि २०२३ च्या एप्रिलपासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणीकृत ठिकाणी द्या. भंगारवाला नळी कापून गॅस हवेत आणि तेल गटारात सोडतो. पण हा निकाल तपासणीनंतरचा असावा. आपल्याकडे तो तपासणीच्या ऐवजी दिला जातो.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यासाठी पोर्टल सुरू केलं. घरगुती उपकरणं त्यात आहेत. सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि खर्चाचा अंदाज मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे, ही भूमिका त्यामागे आहे. भूमिका चांगली आहे, पण तिला धार गिऱ्हाईकच आणू शकतं. गळती दाखवल्याशिवाय गॅसचे पैसे द्यायचे नाहीत आणि दोष शोधून दिल्यावर शोधण्याचे पैसे कापायचे नाहीत, एवढे दोन नियम प्रत्येक घराने पाळले तर दुरुस्तीच्या धंद्यात निदान करणारा माणूस टिकेल. तो टिकला नाही तर आठ हजारांचे डबे आपण दर चार वर्षांनी विकत घेत राहू आणि दर वेळी स्वतःला हिशेबी म्हणवून घेऊ.